काचेवरचं लेबल

चूक माझीच होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ऐकताना कुणी उगाच माझ्यासाठी हळहळायला नको. हळहळ मला सोसत नाही. नवरा गेला तेव्हा शेजारच्या बायका ओळीने येऊन बसायच्या. त्यातल्या दोघींना मी तोंडावर सांगितलं होतं, की चहा झाला असेल तर उठा आता, मला कामं आहेत. माझं तोंड फटकळ आहे, हे सगळं गाव जाणतं.

आमचं गॅरेज मोठ्या रस्त्याला लागून. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. नवरा मिस्त्री होता. पेट्रोलच्या गाड्यांना गॅसचं किट बसवायचा. डिकीत टाकी, टाकीपासून पुढे इंजिनापर्यंत नळी, आणि नळीचा एकेक जोड साबणाचा फेस लावून तपासायचा. फेसाला फुगा आला तर जोड सोडून पुन्हा बसवायचा, मग गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून ओरडत का असेना. बोलायचा कमी. सगळं मनासारखं झालं की मला आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारायचा, "झालं गं." म्हणजे आता लेबल लावायचं.

लेबल म्हणजे हिरवा चौकोन, टोकावर उभा केलेला, आत पांढऱ्या अक्षरांत 'गॅस'. उद्या गाडीचा अपघात झाला, आग लागली, तर आगीच्या बंबावरच्या माणसांना लांबूनच कळावं की आत टाकी आहे. मग ते मागून जवळ जात नाहीत. आधी लांबून पाणी मारून टाकी गार करतात. लेबल लागल्याशिवाय नवरा गाडीची किल्ली द्यायचा नाही. कुणी कुरकुर करायचं, गाडी विकताना भाव पडतो, नवा रंग खराब होतो. मग मी बाहेर यायचे आणि कुरकुर थांबायची.

लेबलं कापायचं आणि लावायचं काम माझं. नियम सांगतो की मागच्या बाजूला, पत्र्यावर, नंबर प्लेटच्या उजवीकडे लावा. सुरुवातीला मी तशीच लावली. पण पत्रा तापतो, कडेत धूळ शिरते, सहा महिन्यांत लेबलाची टोकं वर येतात. असलं उचकटलेलं काम मला बघवत नाही. एकदा मी मागच्या काचेवर लावून पाहिलं, खालच्या कोपऱ्यात. काय बसलं म्हणता! आधी साबणाचं पाणी, त्यावर लेबल, वरून रबराच्या पट्टीने पाणी बाहेर काढलं की आत एक बुडबुडा नाही. शिवाय माणसं गाडीची काच पुसतात, म्हणजे लेबलही आपोआप पुसलं जातं. मी खूश झाले. त्या दिवसापासून सगळी लेबलं काचेवर.

नवऱ्याच्या ते एकदा लक्षात आलं. "पत्र्यावर लाव," तो म्हणाला.

"पत्र्यावर टिकत नाही. तू तुझे जोड बघ."

तो गप्प बसला. नेहमीसारखाच. चौदा वर्षं मी काचेवर लावत राहिले. काच फुटली की तिच्याबरोबर लेबलही जातं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. त्याच्या आली असणार. मी त्याला बोलू दिलं असतं तर मलाही कळली असती.

तो गेल्यावर मी शेडमधला, गाडीखाली उतरायचा खड्डा फळ्यांनी झाकला आणि सीटकव्हरं शिवायला लागले. मूलबाळ नाही. माझं म्हणावं असं माणूस एकच, धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि मी चौदाची. माझ्याच कडेवर वाढला. तालुक्याच्या गावी आगीच्या बंबावर नोकरीला आहे. दर रविवारी सायकल काढून मी त्याच्याकडे जायचे. भावजय जेवायला वाढायची, आणि तासाभराने माझी टकळी ऐकून कंटाळली की भांडी जोरात आपटायची. मग मी उठायचे. असं आमचं छान चाललं होतं.

कापणी आटोपली होती. शेतांत गुडघ्याएवढी वाळकी धसकटं उभी, आणि वारा असा गरम की दोरीवरचं लुगडं तासाभरात कडक व्हायचं. त्या दिवसांत एका दुपारी आमच्या दूधवाल्याची गाडी मोठ्या रस्त्यावर ट्रॅक्टरने मागून उडवली. रिकामे कॅन घेऊन तो घरी चालला होता. गाडी ढकलली जाऊन थेट शेतात गेली, धसकटांत, आणि धसकटांनी पेट घेतला. दूधवाल्याचं डोकं फुटलं होतं. कुणीतरी त्याला ओढून काढलं आणि शुद्ध नसलेल्या माणसाला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. त्यामुळे बंब आला तेव्हा गाडीत काय आहे हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

माझा भाऊ बंबावर होता. धूर इतका, की मागच्या सीटवर कुणी आहे की नाही हे दिसेना. गाडीच्या पाठीवर लेबल नाही, म्हणजे साधी पेट्रोलची गाडी. तो मागून गेला. टाकी तापली की ती फुटू नये म्हणून तिचा व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर पडतो. तो नेमका तेव्हा उघडला. ज्वाळा पिचकारीसारखी बाहेर आली. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू.

मी दवाखान्यात रात्रभर बाकावर बसले होते. सकाळी कपडे आणायला म्हणून निघाले आणि वाटेत त्या जागी सायकल थांबवली. शेतात काळा सांगाडा उभा होता. पण ट्रॅक्टरने धडक दिली ती रस्त्यावर, आणि काच फुटली तीही रस्त्यावरच. कडेच्या मातीत काचेचे चुरमुऱ्याएवढे तुकडे पसरलेले. त्यातच मला ते दिसलं. माझं लेबल. काचेचा तळहाताएवढा भाग त्याला धरून राहिला होता, सगळा तडकलेला, पण सुटा न झालेला. गॅस हा शब्द स्वच्छ वाचता येत होता. एक बुडबुडा नव्हता.

मी इकडेतिकडे बघितलं आणि ते पिशवीत टाकलं. का टाकलं? कुणी बघू नये म्हणून. दुसरं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण सापडलं नाही.

चौकशी झाली. साहेब आले, कागदावर लिहून गेले, की वाहनावर लेबल आढळले नाही. डोक्याला सात टाके घातलेला दूधवाला पुन्हा पुन्हा सांगत होता, "होतं हो. मिस्त्रींच्या बायकोने लावलेलं. मी रोज पुसायचो." कुणाला खरं वाटेना. लोक म्हणाले, गाडी विकायला काढली असेल, म्हणून खरवडलं असेल. बंबावरच्या पोराचा हात जाळला आणि वर खोटं बोलतोय. एकेक करून घरं त्याचं दूध बंद करायला लागली. भावजय भावाच्या हाताला मलम लावता लावता म्हणाली, "वन्सं, त्या माणसाचं वाटोळं होईल बघा."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायले. जन्मात पहिल्यांदा माझं तोंड बंद राहिलं, आणि तेही कुठे, तर जिथे उघडायचं तिथे.

ते लेबल मी शिवणयंत्राच्या खणात ठेवलं, बॉबिनांच्या खाली. रोज खण उघडायचे, रोज दिसायचं. पाऊस आला, गेला. थंडी आली. भावाच्या हातावर नवी कातडी धरली, गुलाबी आणि ताणलेली. बोटं वळायची पण मूठ पुरती मिटायची नाही. आणि मग थंडी सरता सरता एका रविवारी तो म्हणाला, "ताई, पुढचा महिना संपला की पहिल्या तारखेपासून रुजू होतोय."

"कुठे? ऑफिसात?"

"बंबावर."

"या हाताने?"

"पाइप धरता येतो. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

भावजय भांडी आपटायला लागली, पण या वेळी माझ्यामुळे नव्हे. मी सायकलवर घरी निघाले आणि वाटेत दोनदा उतरून चालले. चौदा वर्षांत लावलेली सगळी लेबलं मोठ्या रस्त्यावर फिरत होती, सगळी काचेवर. त्यातली कुठली काच कधी फुटेल आणि मागून कोण जाईल? तोच जाणार. तो पुढे जाणाऱ्यातलाच आहे, लहानपणापासून. तोवर मी काहीच केलं नव्हतं, हेही सांगते. दहा महिने मी फक्त खण उघडत होते आणि लावत होते.

घरी आल्या आल्या ट्रंकेतून वही काढली. लेबल लावलं की मी गाडीचा नंबर, मालक आणि गाव लिहून ठेवायचे. एकशे सेहेचाळीस गाड्या. हातात चाळीस दिवस.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघाले. सायकलच्या मागे बादली, बादलीत पाण्याची बाटली, साबण, रॉकेलची शिशी, फडकी, जुनं ब्लेड, रबरी पट्टी आणि रोलमधून कापलेली नवी लेबलं. पत्रा उन्हाने तापायच्या आत काम व्हायला हवं, म्हणून पहाटेची घाई. आधी रॉकेलने धूळ नि तेलकटपणा काढायचा, मग साबण, मग कोरडं होईपर्यंत पुसायचं, मग लेबल. गुडघे टेकून बसायला लागायचं. माझे गुडघे आता कुरकुरतात, त्यांना माझ्यासारखंच गप्प बसता येत नाही.

तिसऱ्या दिवशी एका गाडीशी बसले असताना सुचलं, की कोपरे टोकदार आहेत म्हणून उचलतात. कात्रीने जरा गोल केले तर? केले. चार दिवसांनी त्याच वाटेने परत आले, मुद्दाम थांबून बोट फिरवून पाहिलं. चारही कोपरे घट्ट. मी त्या परक्या अंगणात उभी राहून स्वतःला अशी शिवी दिली, की घरातून बाई बाहेर आली. चौदा वर्षांत जे सुचलं नाही, ते करायला एक कात्री पुरली असती.

लोकांना मी सांगायचे, "नवीन नियम आलाय. पत्र्यावर लावायचं." तोंडाला ते वाक्य इतकं बसलं की झोपेतही म्हटलं असतं. वहीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी मात्र चष्मा वर केला.

"नवीन नियम? परिपत्रक दाखवा."

"मास्तर, तुमची गाडी पेटली तर विझवणाऱ्याचा जीव वाचावा, त्याला परिपत्रक लागतं का?"

"लागतं. नियम म्हणता ना?" ते माझ्या डोक्यावर उभे राहून बघत होते. लेबल लावून झाल्यावर म्हणाले, "व्यवस्थित लावलंत. पण मग आधी काचेवर का लावलं होतं?"

"तेव्हा तसंच होतं," मी म्हणाले. ब्लेड पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली. शाळेत खोटं बोलताना जशी घालायचे तशीच, आणि समोर पुन्हा मास्तरच.

सगळे मास्तरांसारखे नव्हते. एका बंगल्यावर फाटकातूनच उत्तर आलं, "आज काही नाही, पुढे जा." मी म्हणाले, "मागायला नाही आले, द्यायला आलेय." तरी त्यांनी मला उन्हात तासभर उभं केलं, आणि कुत्रं माझ्याकडे बघून भुंकता भुंकता शेवटी दमून झोपलं. फाटक उघडलं तोवर पत्रा असा तापलेला, की फडकं ओलं करून करून आधी तो गार करावा लागला. एका टॅक्सीवाल्याने सरळ नाही म्हटलं. गाडीला नुकताच रंग दिला होता. तो आत जेवायला गेला तेव्हा मी लावायला घेतलं. तो हात न धुता बाहेर आला. माझी बादली त्याने लाथेने उडवली, ती रस्त्यापलीकडे गेली, आणि समोरच्या टपरीवरचे सगळे हसले.

"म्हातारे, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय," मी म्हणाले. "लेबल राहू दे तेवढं."

मी बादली आणायला गेले. तिचं बूड चेपलं होतं. परत आले तेव्हा तो गाडीच्या मागे उभा राहून लेबल नखाने उचकटायला बघत होता. निघेना. गोल कोपरे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नाद सोडला. त्या दिवशी सायकल चालवताना मला रडू आलं, बादलीसाठी नव्हे, घरी जाऊन हे सांगायला कुणी नव्हतं म्हणून. नवरा असता तर हसला असता. कमी बोलायचा, पण हसायचा छान.

काही गाड्या विकल्या गेल्या होत्या, काहींचे मालक गाव सोडून गेले होते, दोन गाड्यांत आता टाकीच नव्हती. त्यांचं काचेवरचं लेबल मी खरवडून काढलं, कारण नसलेल्या टाकीसाठी बंब लांब थांबून राहायला नको. अंगठ्याला ब्लेडचे काप पडले, रॉकेल लागून ते चुरचुरायचे. शिवणकाम बाजूला पडलं. संध्याकाळी घरी येऊन वहीत त्या त्या नंबरावर रेघ मारायची, कोरडं काहीतरी खायचं आणि आडवं व्हायचं. सदतीस दिवस झाले. एकशे एकोणीस नंबरांवर रेघ, सव्वीस ठिकाणी प्रश्नचिन्ह. उरला एक. पान उलटताना मी तो नेहमी अंगठ्याने झाकायचे. दूधवाल्याचा.

गाडीच नाही तर लेबल कुठे लावणार, असं मी स्वतःला समजावत होते. पण तो मला रोज दिसायचा. पहाटे मी निघायचे तेव्हा तोही सायकलवरून समोरून यायचा, हँडलला दोन कॅन अडकवलेले. पूर्वी गाडीत बारा असायचे. नवऱ्याचा दोस्त असल्याने मला वहिनी म्हणायचा. "वहिनी, कुठे एवढ्या पहाटे?" तो विचारायचा. "काम आहे," मी म्हणायचे. माझ्या बादलीत लेबलं असायची आणि त्याला ती दिसतही असतील. त्याने कधी विचारलं नाही.

त्याच्या रुजू व्हायच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी ते तडकलेलं लेबल खणातून काढलं, रुमालात बांधलं आणि भावाकडे गेले. रविवार नव्हता. भावजयीने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून, काही न विचारता, शेजारी जाते म्हणाली. भाऊ खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होता. डाव्या हाताने ब्रश, उजव्यात बूट अडकवलेला.

मी रुमाल त्याच्यापुढे सोडला.

"हे दूधवाल्याच्या गाडीचं. काचेवर लावलं होतं मी. काच रस्त्यावर फुटली, म्हणून तुला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उचललं. तुझा हात माझ्यामुळे जळला. तो माणूस खरं बोलत होता."

त्याने ब्रश खाली ठेवला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"बंबातून उतरलो तेव्हा बुटाखाली काच कचकचली, ताई. मागची काच रस्त्यावर पडलीय, एवढं तेव्हाच कळलं होतं. तू कुठे लावतेस ते मला माहीत नाही का? तुझ्याच घरात वाढलो मी. पण आत माणूस असेल तर, या विचारात पुढे गेलो. दवाखान्यात पडल्या पडल्या सगळं जुळलं."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"तुझं नाव कसं घेणार?"

"आणि त्याचं घेऊ दिलंस? दूधवाल्याचं?" माझा आवाज चढला. इतक्या महिन्यांनी तो असा चढला, की मलाच बरं वाटलं. "त्याचं दूध बंद झालं, माणसं तोंडावर थुंकायची बाकी राहिली, आणि तू इथे गप्प बसून होतास?"

"तू पण होतीस," तो म्हणाला.

आवाज आपोआप खाली आला. तो पुढे म्हणाला, "दर रविवारी वाटायचं, आज ताई बोलेल. बोलायला तुला कधी वेळ लागलाय? मग तू बोलायचीस, सीटकव्हरचं, उन्हाचं, गिऱ्हाइकांचं. मी वाट बघायचो. मग तू जायचीस."

मला वाटत होतं एकटेपणा माझ्या दोन खोल्यांत आहे. तो इथेही होता, या खाटेवर, प्रत्येक रविवारी, माझ्यासमोर बसलेला. मी त्याचा हात हातात घेतला, ती ताणलेली कातडी. तिच्यावर घाम येत नाही, कोरडीच असते. बाहेर भावजय परत आली, थोडा वेळ दाराशी थांबली आणि पुन्हा गेली.

"मीही येतो उद्या सांगायला," शेवटी तो म्हणाला. "गप्प मीही बसलो होतो."

"तुझी पहिली पाळी आहे उद्या. तू बंबावर जा. हे माझं मी करते. तुझं तू नंतर कर, पण कर."

दूध जमा करायचं केंद्र गावाच्या तोंडाशी आहे. सकाळी तिथे रांग असते, तीस-चाळीस माणसं, कॅनवर कॅन आपटल्याचा आवाज. दूधवाला रांगेच्या शेवटी उभा होता, इतरांपासून दोन पावलं सोडून. मी सरळ त्याच्याकडे गेले आणि रुमाल उघडून पुढे धरला. हळू सांगायचं असं ठरवून गेले होते. पण अकरा महिने एका माणसाचं नाव सगळ्यांसमोर खराब झालेलं, ते एकांतात कसं धुऊन निघेल? मी आवाज चढवला. तो मला येतो.

"ऐका रे सगळे. याच्या गाडीला लेबल होतं. हे बघा. मी काचेवर लावलं होतं, पत्र्यावर लावायचं सोडून. काच फुटली आणि लेबल रस्त्यावर पडलं. मी ते उचलून लपवलं. हा खोटं बोलला नाही. खोटी मी आहे."

कॅनचे आवाज थांबले. वजन करणारा हातातलं माप तसंच धरून उभा. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणून ही बाई गावोगाव लेबलं लावत हिंडतेय होय!" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दूधवाल्याने लेबल हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, काचेवरून अंगठा फिरवला. रोज पुसायचा तसा.

"किती दिवस होतं तुमच्याकडे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"रोज भेटायचो आपण, बाई," तो म्हणाला. वहिनी म्हणाला नाही. लेबल खिशात घातलं आणि रांग पुढे सरकली तसा कॅन उचलून पुढे सरकला.

मी घरी आले. काय व्हावं अशी अपेक्षा होती, कोण जाणे. कुणी दगड मारला नाही, कुणी समजूतही घातली नाही. साहेबांनी बोलावून माझा जबाब घेतला. पुढच्या आठवड्यात भाऊ स्वतःहून जाऊन त्याचाही लिहून देऊन आला. सीटकव्हरांचं काम निम्म्यावर आलं. भावजय रविवारी जेवायला वाढते, पण आता भांडी आपटत नाही, आणि त्याचीच मला चुटपुट लागते. दूधवाल्याची घरं हळूहळू परत आली, असं कानावर आलं. पहाटे समोरून यायचा तेव्हा मान हलवायचा, बोलायचा नाही.

पुन्हा धसकटांचे दिवस आले. एका दुपारी भावाचा फोन आला. मोठ्या रस्त्यावर एक गाडी पेटली होती, माणसं आधीच बाहेर पडलेली. मागची काच केव्हाच उडाली होती. "नंबर प्लेटच्या उजवीकडे हिरवं दिसलं, ताई. लांबूनच पाणी मारलं. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आम्ही सगळे बाजूला होतो."

"कुणाची गाडी?"

"टॅक्सी. गाडी गेली, माणूस धड आहे. तुला ओळखतो म्हणाला."

मी फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन नवऱ्याच्या झाकलेल्या खड्ड्याच्या फळीवर बसले. त्याला सांगितलं सगळं. तो ऐकून घ्यायचा नेहमी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी शेडसमोर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाहेर आले. जुनीच, पण नव्याने घेतलेली गाडी, आत ओळीने कॅन. गॅसचं किट दुसऱ्या गॅरेजात बसवलेलं. दूधवाल्याने गाडी वळवून तिची पाठ माझ्या दाराकडे केली होती आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. खाली उतरला नाही. मागच्या पत्र्यावर काहीही नव्हतं.

मी चेपलेली बादली आणली. रॉकेल, साबण, फडकं. गुडघे टेकले. नंबर प्लेटच्या उजवीकडे पत्रा पुसून पुसून कोरडा केला, गोल कोपऱ्यांचं लेबल काढलं आणि लावलं. इतकी लेबलं लावली, कधी बुडबुडा राहिला नव्हता. या वेळी मधोमध राहिला, चांगला वाटाण्याएवढा. मी नख लावून तो कडेकडे सरकवायला बघत होते, तो जाईना. शेवटी म्हणाले, "थांबा, काढून दुसरं लावते. हे नीट बसलं नाही."

त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि मागे पाहिलं.

"लांबून दिसतं ना?"

मी उठले, रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले आणि पाहिलं.

"दिसतं."

"मग राहू द्या, वहिनी," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.